ढगातले गुमास्ते

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीच्या बाजूस निघाले की, भोकरपाड्याजवळ उंच इमारतींची एक नवी वसाहत दिसू लागते. तिच्यात एक इमारत अशी आहे की, ती कोणाच्या राहण्याची नव्हे हे पाहताक्षणीच ध्यानात यावे. तेथे दांडीवर कपडे वाळत नाहीत, खिडकीत तुळस नाही. आणि कारखाना म्हणावा तर चिमणी नाही की भोंगा नाही. एकदा एस. टी. ने जात असता शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "बाई, ह्या कारखान्यात काय बनतं हो?"

"काही बनत नाही, आजोबा," मी म्हटले. "इथे लोकांच्या वह्या ठेवतात. हिशेबाच्या, पत्रांच्या, फोटोंच्या."

"कोणाच्या वह्या?"

"इथे आणि अशाच आणखी इमारतींत मिळून म्हणाल, तर बहुतेक साऱ्यांच्याच. तुमच्या-माझ्यासुद्धा."

आजोबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे चित्रगुप्ताची कचेरीच म्हणा की!"

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण 'डेटा सेंटर' ह्या शब्दाला इतका नेमका प्रतिशब्द मला कधी सुचला नव्हता. जुलै २०२० मध्ये, करोनाच्या ऐन टाळेबंदीच्या दिवसांत, ह्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिचे नाव 'योट्टा एनएम-१'. योट्टा म्हणजे एकावर चोवीस शून्ये! सुमारे ८ लक्ष २० हजार चौरस फुटांची जागा, ७,२०० रॅक, म्हणजे यंत्रे ठेवण्याची पोलादी कपाटे, आणि ५० मेगावॉट विजेची व्यवस्था, असा तिचा संसार. वीज गेली, यंत्र बिघडले, वातानुकूलन बंद पडले, तरी काम थांबू नये, अशा सर्वांत वरच्या श्रेणीचे प्रमाणपत्र तिला आहे. ह्या श्रेणीचा हिशेब असा सांगतात की, वर्षातून सुमारे सव्वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ कचेरी बंद राहता कामा नये. आमच्या घरचा नळसुद्धा वर्षातून सव्वीस मिनिटेच बंद राहावा, असे माझे फार दिवसांचे स्वप्न आहे.

चाकांचे गाव

हे सारे पनवेललाच यावे ह्यात नवल नाही. पनवेल हे पूर्वीपासून दुसऱ्यांच्या वाहतुकीवर जगणारे गाव. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, आणि मुंबईहून गलबताने आलेला माल पनवेलच्या बंदरात उतरून घाटावर जाऊ लागला. जुन्या गॅझेटियरात पनवेलच्या एका धंद्याचा मुद्दाम उल्लेख आहे: बैलगाडीची चाके बनवण्याचा. घाटावरून आलेला गाडीवान परतताना निदान चाकांची एक जोडी घेऊन गेल्यावाचून राहत नसे म्हणे! पुढे रेल्वे कल्याण-कर्जतवरून पुण्याला गेली, आणि पनवेलचा व्यापार रोडावला. आज महामार्ग आले, ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि ह्या चित्रगुप्ताच्या कचेऱ्याही आल्या. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या तारा येऊन मिळतात, वीज मुबलक मिळते, आणि मोठमोठे गिऱ्हाईक जवळच बसलेले. १८३० च्या गाडीवानाला जे पनवेल सोयीचे वाटले, तेच ह्या नव्या व्यापाऱ्यांनाही वाटले.

परंतु आज मला इमारतीविषयी लिहावयाचे नाही. त्या इमारतींच्या आत, किंबहुना त्यांच्या पाठीमागे, जे गुमास्ते काम करतात, आणि त्यांच्या जागी जे नवे अदृश्य गुमास्ते येत आहेत, त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे. ही गोष्ट मला कळली ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे.

ती शास्त्र शाखेची. पण महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासायला ती माझ्याकडे येत असे, आणि तिच्या नजरेतून एक अनुस्वारसुद्धा सुटत नसे. पुढे ती एका दूरसंचार कंपनीत लागली. दर दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती घरच्या अनारशांचा डबा घेऊन येते. काही वर्षांपूर्वी अशीच आली, डबा टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "मॅडम, हल्ली मी एक विचित्र काम करते आहे. माझंच काम मी यंत्राला शिकवते आहे."

"आणि यंत्र शिकल्यावर तू काय करणार?"

"तेच तर मला कोणी सांगत नाही," ती म्हणाली आणि हसली. पण ते हसणे मला काही आवडले नाही.

ढग म्हणजे काय?

वाचकहो, ह्या मुलीचे काम समजून घ्यायचे, तर आधी 'क्लाउड' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. शब्द ढगाचा, पण ह्यात ढगासारखे काहीच नाही. जुने टेलिफोन इंजिनिअर तारांचे नकाशे काढीत, तेव्हा ज्या भागाच्या आत काय चालले आहे ह्याची त्या नकाशापुरती गरज नसे, तेथे ते एक ढग काढून मोकळे होत. इकडून तार ढगात शिरली, तिकडून बाहेर पडली, मधले पाहणारे दुसरे कोणी! तेच नाव पुढे चिकटले. आपल्याकडे तर ह्या धंद्यात पंचमहाभूतांचीच गर्दी झाली आहे. सरकारच्या ढगाचे नाव 'मेघराज', टाटा कम्युनिकेशन्सने २०२५ मध्ये काढलेल्या सेवेचे 'वायू', आणि आमच्या पनवेलच्या योट्टाच्या नव्या सेवेचे 'शक्ती'!

व्यवहारात ह्याचा अर्थ साधा आहे. समजा, एका व्यापाऱ्याची पनवेलला पेढी आहे आणि पेण, उरण, खोपोली येथे दुकाने आहेत. पूर्वी तो एक मोठा संगणक विकत घेई, आणि माळ्याखालच्या कोंदट खोलीत ठेवी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात रायगड जिल्ह्यातील कितीतरी दुकानांत पाणी शिरले, तेव्हा वह्यांबरोबर असे संगणकही बुडाले. आता तो संगणक विकत घेत नाही, भाड्याने घेतो. आणि तोही डोळ्यांनी पाहत नाही. दूरच्या इमारतीतील एका प्रचंड यंत्राचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात, त्यांतला एक कप्पा त्याच्या नावे होतो. जितके तास वापरावे, तितक्या तासांचे भाडे.

आता ह्यात टेलिफोन कंपनीचे काय काम, असे आपण विचाराल. काम असे की, तो कप्पा आणि चार दुकाने ह्यांच्यामध्ये तार हवी. आणि तार तर ह्यांचीच. ज्याची गाडी त्याचीच वखार, असा हा हिशेब आहे. म्हणून जगभरच्या दूरसंचार कंपन्या, आणि आपल्याकडे टाटा, एअरटेल ह्यांसारख्या कंपन्याही, तारेबरोबर ढगही विकू लागल्या.

एका अर्जाचा प्रवास

माझी विद्यार्थिनी नोकरीला लागली तेव्हा अशा एका अर्जाचा प्रवास कसा होई, ते तिच्याच सांगण्यावरून लिहिते. व्यापाऱ्याने अर्ज भरला की तो प्रथम विक्री खात्याकडे. तेथून हिशेब खात्याकडे, मागची बाकी आहे काय ते पाहायला. मग यंत्रे सांभाळणाऱ्यांकडे: कप्पा शिल्लक आहे काय? मग जाळे सांभाळणाऱ्यांकडे: ह्याला पत्ता कोणता द्यायचा? मग पहारेकऱ्यांकडे, कारण कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, ह्याचे नियम निराळे. मग राखीव प्रत रोज किती वाजता घ्यायची ते ठरवायचे. शेवटी बिल सुरू करायचे. प्रत्येक खात्याची वही वेगळी, आणि प्रत्येक टेबलावर अर्ज दोन-दोन दिवस बसायचा. तीन आठवड्यांत काम झाले तर ते लवकर झाले म्हणायचे.

ह्यात गमतीजमतीही होत. एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांची वाहतूक चालते, ती एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येकाच्या वाटेला एक क्रमांक देतात. जुन्या पद्धतीत असे क्रमांक एका जाळ्यात ४,०९४ च मिळतात. चाळीतल्या खोल्यांसारखे मोजके. ते एका तक्त्यात लिहून ठेवायचे. एके दिवशी दोघा कारकुनांनी एकाच वेळी तक्ता उघडला, दोघांनाही एकच क्रमांक रिकामा दिसला, आणि दोन गिऱ्हाइकांच्या नावे एकच खोली लागली! चूक दोन दिवसांनी सापडली. "आणि दोन दिवस सगळे एकमेकांवर ओरडत होते," ती म्हणाली.

हे सारे यंत्राकडे सोपवायचे, असे कंपनीने ठरविले. गिऱ्हाइकाने पडद्यावर आपली मागणी स्वतःच नोंदवावी. पुढे एका प्रोग्रॅमने शिल्लक पाहावी, क्रमांक द्यावा, कप्पा उघडावा, तार जोडावी, पहारा बसवावा, राखीव प्रतीची वेळ लावावी आणि बिल सुरू करावे. तीन आठवड्यांचे काम काही मिनिटांत! माणसांनी जे हातांनी केले, त्याची प्रत्येक पायरी लिहून काढायची, आणि प्रत्येक पायरीसमोर 'ही फसली तर मागे कसे यायचे' तेही लिहायचे. हे लिहिणे माझ्या विद्यार्थिनीकडे आले.

त्यातली एक युक्ती मला फार आवडली. यंत्राला 'एक कप्पा बांध' असे सांगायचेच नाही. 'ह्या गिऱ्हाइकाचा एक कप्पा असला पाहिजे' असे सांगायचे. दोन्ही वाक्ये सारखी दिसतात, पण भेद मोठा आहे. मध्येच वीज गेली आणि हुकूम दुसऱ्यांदा सुटला, तर पहिल्या वाक्याने दोन कप्पे होतील, दुसऱ्याने एकच राहील. मी तिला म्हटले, "अगं, हा तर आज्ञार्थ आणि विध्यर्थ ह्यांतला फरक!" ती म्हणाली, "मॅडम, व्याकरण इथे उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं." मलाही वाटले नव्हते, पण मी तसे बोलून दाखविले नाही.

सोऱ्या आणि भाजणी

दिवाळीच्या दिवसांत ज्या घरी चकल्या झाल्या असतील, तेथे पुढचे सांगणे सोपे आहे. हाताने कडबोळी वळताना एखादे जाड होते, एखादे बारीक. पण चूक झाली तर ती त्या एका कडबोळ्याची. सोऱ्यातून चकल्या भराभर आणि एकसारख्या पडतात. पण भाजणीत मीठच घालायचे राहिले, तर घाणाच्या घाणा आळणी होतो. स्वयंचलित कामाचे गुण आणि दोष, दोन्ही ह्यात आले.

ह्याची साक्ष देणारी दोन उदाहरणे जगाने अलीकडेच पाहिली. ऑस्ट्रेलियात 'युनिसुपर' नावाची निवृत्तिवेतनाची पुंजी सांभाळणारी मोठी संस्था आहे. तिचे सभासद सहा लाखांवर. तिने आपला कारभार गूगलच्या ढगात ठेवला होता. मे २०२४ मध्ये तिच्या तेथल्या खाजगी आकाशांपैकी एक एकाएकी नाहीसे झाले. सभासदांना आपली शिल्लक दिसेना, आणि कारभार सुरळीत व्हायला आठवड्याहून अधिक काळ लागला. कारण काय निघाले? ती सेवा प्रथम उभारताना गूगलच्याच माणसांनी वापरलेल्या एका साधनात एक रकाना कोरा राहिला होता. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने आपल्या मनाने 'मुदत एक वर्ष' असा लावला, आणि वर्ष भरताच बिनबोभाट सारे पुसून टाकले. गिऱ्हाइकाने पुसायला सांगितले नव्हते, म्हणून गिऱ्हाइकाला सूचनाही गेली नाही! हे गूगलने स्वतःच पुढे प्रसिद्ध केले. त्या संस्थेने आपल्या माहितीच्या प्रती दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवल्या होत्या, म्हणून निभावले.

दुसरे उदाहरण तर ऐन दिवाळीतले. २० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी. आपल्याकडे फराळ आटोपून दुपारचे बारा वाजून गेले होते, त्या वेळी अमेरिकेतील व्हर्जिनियामध्ये अ‍ॅमेझॉनच्या ढगात गोंधळ उडाला. तेथे पत्त्यांची वही अद्ययावत ठेवणारे स्वयंचलित गुमास्ते एकाहून अधिक होते. एक अडला तर दुसरा असावा म्हणून. त्यांतला एक मागे रेंगाळला, आणि त्याने आपल्या हातातली शिळी यादी नव्या यादीवर चिकटवली. दुसऱ्याने जुन्या याद्या साफ करायला घेतल्या, आणि ही यादी जुनी दिसली म्हणून पुसून टाकली. राहिली कोरी वही! एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच जगाला सापडेना. निरोप पाठविण्याची साधने, खेळ, इंग्लंडातील काही बँकांचे व्यवहार, सारे अडखळले. ती कोरी वही शेवटी माणसांनीच हाताने दुरुस्त केली. पाहा, कोणताही गुमास्ता आळशी नव्हता, की कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकाने आपले काम चोख केले. आणि त्या चोखपणातूनच घोटाळा झाला.

नामसाधर्म्य

असाच एक प्रसंग माझ्या विद्यार्थिनीवर आला. तो ऑस्ट्रेलियातल्या बातमीच्याही आधीचा. नवी पद्धत नुकती सुरू झाली होती. तिच्या कंपनीच्या एका गिऱ्हाइकाने, मालवाहतुकीच्या धंद्यातल्या एका पेढीने, चाचणीसाठी घेतलेला एक कप्पा काढून टाकण्यास कळविले. रात्रपाळीला ही बसली होती. पडद्यावर यादी आली. एक नाव असायला हवे होते, तेथे अकरा नावे होती! पेढीच्या दोन शाखा एकाच संक्षिप्त नावाने नोंदल्या गेल्या होत्या, आणि यंत्राने त्या नावाचे जे जे होते ते ते काढायला घेतले होते. त्यात चालत्या गाड्यांचा रोजचा हिशेबही होता.

यमदूतांनी नामसाधर्म्यामुळे भलत्यालाच उचलून नेल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. त्या गोष्टींत चित्रगुप्त वही तपासतो आणि त्या बिचाऱ्याला परत पाठवतो. येथे परत पाठवण्याची सोय अजून व्हायची होती. तिने काम थांबविले. "मुद्रितं तपासायची सवय, मॅडम," ती म्हणाली. "ओळ नेहमीपेक्षा लांब दिसली की नजर आपोआप थांबते."

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांकडे तीन गोष्टी मागितल्या. 'काढून टाक' म्हटल्याबरोबर पुसायचे नाही. आधी बंद करून काही दिवस बाजूला ठेवायचे. एकापेक्षा अधिक कप्पे जात असतील, तर माणसाची संमती घ्यायची. आणि ती संमती देणाऱ्याने गिऱ्हाइकाला टेलिफोन करून विचारायचे. पहिली गोष्ट वरिष्ठांना पटली. उरलेल्या दोन पटेनात. ते म्हणाले, "आपण सगळं वेगासाठी करतोय, आणि तू मध्ये पुन्हा माणूस घुसवतेस. मग यंत्र कशाला घेतलं?"

त्यांचेही चुकत होते असे मला म्हणवत नाही. गिऱ्हाइकाला वेग हवा असतो, आणि चुका माणसेही करतात. तो एकाच क्रमांकाचा घोटाळा माणसांनीच नव्हता का केला? शिवाय तिच्या आग्रहात स्वतःच्या नोकरीची काळजी मिसळलेली आहे, असे कोणाला वाटले तर त्याला काय सांगणार? तिलाही ते कळत होते. "मला माझी खुर्ची वाचवायची आहे की गिऱ्हाइकाचा हिशेब, हे रात्री झोपताना मी स्वतःला विचारते," असे ती मला एकदा म्हणाली. ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'दोन्ही' असे असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे मी तिला सांगितले.

मे २०२४ ची ती बातमी आली, तेव्हा वरिष्ठांनी तिला बोलावून तिचा जुना कागद पुन्हा मागितला.

ट्रंक कॉलवाल्या आत्या

ह्या मुलीची आत्या मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आज ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज अजून खणखणीत. मी तिला भेटायला मुद्दाम गेले, कारण यंत्राने माणसाची खुर्ची घेण्याची ही गोष्ट तिने आधीच एकदा पाहिलेली आहे.

टेलिफोनमधून ऑपरेटरला काढण्याची कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली, तो अल्मन स्ट्राउजर धंद्याने अंत्यविधीचे सामान पुरविणारा होता. गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर बसते आणि आपली गिऱ्हाइके नवऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण १८९१ मध्ये त्याला आपोआप जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना प्रांतात तसे एक्स्चेंज सुरूही झाले. आपल्याकडे गावोगाव थेट फोन लावण्याची सोय, म्हणजे एस. टी. डी., प्रथम नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर-लखनौ ह्यांच्या दरम्यान झाली, आणि ती देशभर पसरायला कित्येक वर्षे गेली. तोवर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. जसा पैसा तशी घाई!

"आम्हाला आवाजावरून कळायचं," आत्या सांगू लागल्या. "माणूस ऑर्डिनरी कॉल नोंदवायचा, पण आवाज थरथरायचा. मी विचारायचे, 'घरी काही बरं-वाईट आहे का?' असलं तर लाइन मोकळी होताच मी त्याला आधी घालायचे. नियमात नव्हतं ते. सुपरवायझर एकदा रागावली होती."

"मग यंत्र आलं तेव्हा वाईट वाटलं?" मी विचारले.

"आमच्यातल्या पुष्कळजणी दुसऱ्या खात्यांत गेल्या. मीही चौकशीच्या टेबलावर गेले. वाईट वाटलं हो. पण खरं सांगू? माझी आई रत्नागिरीजवळ खेड्यात आजारी होती, तेव्हा तिच्या गावच्या पिवळ्या पाटीच्या बूथवरून तिचा फोन मला एका मिनिटात आला. ट्रंक कॉल असता तर मला तिचा आवाज ऐकायला मिळाला नसता. तेव्हा यंत्राला शिव्या द्यायला माझी जीभ धजत नाही."

ह्या दोन वाक्यांत जो समतोल आहे, तो मला आमच्या कितीतरी परिसंवादांत आढळला नाही.

आपण काय करावे?

हा सारा व्यापाऱ्यांचा मामला आहे, आपल्या घराशी त्याचा काय संबंध, असे काही वाचक म्हणतील. पण आपल्या मुलांचे निकाल, बँकेची पासबुके, रुग्णालयातील तपासण्यांचे कागद, लग्नाचे फोटो, हे सारे कोणत्या ना कोणत्या संस्थेकडे आहे, आणि ती संस्था अशाच एखाद्या ढगाची गिऱ्हाईक आहे. सरकारनेही इकडे लक्ष घातले आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा कंपन्यांनी संगणकीय सुरक्षेचा भंग ध्यानात येताच सहा तासांच्या आत कळवायचे असते, आणि यंत्रांच्या रोजनिश्या १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. परंतु कायदा चुकीनंतर येतो. आधी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. ज्याच्याशिवाय आपले अडेल, अशा प्रत्येक कागदाची आणि फोटोची एक प्रत दुसरीकडे, निराळ्या धन्याच्या घरी ठेवावी. ऑस्ट्रेलियातील त्या संस्थेला ज्याने तारले, ते आपल्या आजीला ठाऊक होतेच. ती सारे दागिने एका डब्यात कधी ठेवीत नसे. आपल्या सोसायटीचा किंवा पेढीचा कारभार ढगात असेल, तर पुरवठादाराला एकच प्रश्न विचारावा: "आमचं पुसायची वेळ आली, तर पुसण्याआधी आम्हाला कोण विचारणार?" 'यंत्र विचारील' हे उत्तर पुरेसे समजू नये.

आणि ज्यांची मुले-मुली ह्या धंद्यात आहेत, त्यांनाही एक सांगावेसे वाटते. माझ्या विद्यार्थिनीच्या दालनात आज पूर्वीपेक्षा कमी टेबले आहेत. काहीजण दुसऱ्या खात्यांत गेले, काहींना जावे लागले. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जी राहिली, ती भराभर हुकूम सोडणारी नव्हेत. कोठे थांबायचे हे ज्यांना कळते, ती राहिली. हे थांबणे कोणत्या वर्गात शिकवतात, ते मला अजून नक्की सांगता येणार नाही. पण माझ्या अंकाची मुद्रिते तपासताना तिला त्याची थोडी सवय लागली असेल, तर माझी वीस वर्षे अगदीच वाया गेली नाहीत.

गेल्या दिवाळीत ती आली, ती आत्यांना घेऊन. आम्ही तिघी अनारसे खात बसलो असता तिच्या मोबाइलची घंटी वाजली. पडद्यावर कोणत्या तरी गिऱ्हाइकाची यादी आली होती: पाच कप्पे काढून टाकायचे आहेत, संमती आहे काय? तिने हात पुसले, यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली, आणि सरळ त्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"नमस्कार. दिवाळीच्या दिवशी त्रास देते, माफ करा. हे पाच काढायला आपणच सांगितलंत ना? ... पाच नाही? तीनच? ... बरं झालं विचारलं. ठेवते."

तिने दोन नावांवर खूण करून ती वगळली, फोन खाली ठेवला आणि अनारसा उचलला. आत्या तिच्याकडे पाहत होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "एवढी यंत्रं आणलीत, आणि शेवटी तूही ऑपरेटरच झालीस की!"